हंबू कोणी नेला

आमच्या नातीच्या आजारपणाबद्दल मी याआधी एकदा लिहिलं आहे. किडनीचा आजार असलेल्या मुलांचे आईवडील अकोल्यात अधूनमधून जमतात. त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली, तेव्हा मला लिहायला सांगितलं होतं. सूज कशी ओळखावी, लघवी घरी कशी तपासावी, मीठ कसं कमी करावं, हे सगळं मी नीट लिहिलं. पण त्यात एक वाक्य खोटं होतं. "याच काळात तिचं आवडतं खेळणं हरवलं," असं मी लिहिलं. ते हरवलं नव्हतं. खरं सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. आता टाळून कोणाला वाचवतो आहे तेही कळेनासं झालं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून लिहितो.

अमरावतीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट आमच्याकडे फिरवला आणि एका ओळीखाली पेनानं रेघ ओढली. "नेफ्रोटिक सिंड्रोम," ते म्हणाले. माझा मुलगा निलेश आणि सून पल्लवी समोर बसले होते, मी त्यांच्यामागे उभा होतो. मिनू, माझी पाच वर्षांची नात, पल्लवीच्या मांडीवर होती. तिचे डोळे सुजून बारीक झाले होते. तरी ती डॉक्टरांना सांगत होती, "आधी हंबूला तपासा."

नेफ्रोटिक म्हणजे काय, ते आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. किडनी रक्त गाळते. ही गाळणी सैल झाली की रक्तातलं चांगलं प्रोटीन लघवीवाटे निघून जातं, अंगात पाणी साठतं आणि सूज येते. आधी डोळ्यांवर येते, तीही सकाळी. म्हणून सुरुवातीला आम्ही समजलो, मच्छर चावला असेल. मग पल्लवीला वाटलं, अ‍ॅलर्जी असेल. एका दवाखान्यातून अ‍ॅलर्जीचं औषधही आणलं. मग मोज्याचे वळ पायावर संध्याकाळपर्यंत राहू लागले, तेव्हा लघवी तपासली. तुमच्या घरी असं झालं तर मोज्याच्या वळापर्यंत थांबू नका. डोळे सुजलेले दिसले की लघवी तपासून घ्या. साधी तपासणी आहे.

हंबू कोण, ते आता सांगतो.

आमचं गाव मूर्तिजापूरजवळ. मी फुलशेती केली, झेंडू आणि शेवंती. पहाटेच्या गाडीनं माल अकोल्याच्या बाजारात जायचा. निलेश नोकरीमुळे अमरावतीला राहतो. पण पोळ्याला सगळे गावीच. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडाचे बैल सजवून गल्लीतून फिरवतात, घरोघरी त्यांना खाऊ मिळतो. मिनू अडीच वर्षांची असताना मी तिला चाकाचा लाकडी बैल आणला. तिनं तो दिवसभर फिरवला आणि रात्री घेऊन झोपायचा हट्ट धरला. सकाळी कपाळावर हे एवढं टेंगूळ. तेव्हा हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कमलनं, माझं जुनं धोतर फाडून कापडाचा बैल शिवला. आत घरचा कापूस भरला. सरकी हातानं काढली, पण सगळी निघाली नाही. एक शिंग लांब, एक आखूड. शिंगं लाल, डोळे काळ्या दोऱ्याचे.

"हा बैल हाय का डुक्कर?" मी विचारलं.

"तुमच्यासारका दिसते," ही म्हणाली. "बसल्या जागी रवंथ करते."

मिनूनं त्याचं नाव हंबू ठेवलं. हंबूच्या उजव्या कानात दोन सरक्या राहून गेल्या होत्या. त्या बोटात फिरवल्याशिवाय तिला झोप येईना. हंबू तुरीचं वरण खायचा, म्हणजे त्याच्या तोंडाला वरण लागायचं. हंबूला शाळेत नेता येत नाही म्हणून तो खिडकीत बसायचा, आणि तिची व्हॅन आली की पल्लवीनं त्याचं तोंड रस्त्याकडे करायचं, असा नियम होता. रात्री तो चरायला पळून जाऊ नये म्हणून मिनू त्याला दावं बांधायची. केसांची हिरवी रिबीन. एक टोक हंबूच्या गळ्यात, दुसरं तिच्या मनगटाला. आजही डोळे मिटले की मला ते मनगट दिसतं. ते दिवस फार चांगले होते. फुलांची टोपली उतरवून मी थकून ओट्यावर बसायचो आणि ही पोर येऊन हंबूचं शेपूट माझ्या हातात द्यायची. "आबाजी, धरा. मी पाणी पाजून आणते." शेपूट धरून मी बसून राहायचो. पाणी कुठून येणार होतं, कोण जाणे, पण मी हलायचो नाही.

डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन सुरू केलं. हे स्टेरॉईड आहे. आधी रोज, मग एक दिवसाआड, असं बरेच आठवडे द्यावं लागतं. मधेच आपल्या मनानं बंद करायचं नाही. गोळी फार कडू. पल्लवीनं मधातून दिली, निलेशनं रागावून दिली, मिनूनं दोघांच्या अंगावर थुंकली. शेवटी मी अमरावतीला जाऊन राहिलो. मी आधी हंबूला गोळी द्यायचो, हंबू तोंड वाकडं करायचा, मिनू हसायची आणि स्वतः घ्यायची. माझ्याच हातून. दुसऱ्या कोणाच्या नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याला फार अर्थ आहे.

स्टेरॉईडनं भूक वाढते. चेहरा चंद्रासारखा गोल होतो. मूल चिडचिडं होतं. मीठ कमी करावं लागतं, त्यामुळे पापड, लोणचं, शेव बंद. मिनूनं हंबूचंही मीठ बंद केलं आणि शेजारच्या बाईंनी विचारलं तर सांगायची, "आमच्या दोघांना किडनी आहे."

लघवी रोज सकाळी पट्टी बुडवून बघायची. पट्टी पिवळी राहिली तर ठीक. हिरवी होत गेली की प्रोटीन जातं आहे. पट्टी पिवळी राहू लागली, सूज उतरली, आम्ही पेढे वाटले. मग साधी सर्दी झाली आणि सगळं परत आलं. याला रिलॅप्स म्हणतात, आजार उलटणं. बहुतेक मुलांना तो होतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि पट्टी हिरवी होताना बघणं वेगळं.

या वेळी पोटातही पाणी झालं. अमरावतीच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं, तिथे मुलांच्या किडनीच्या डॉक्टर आहेत. बारीक चणीच्या, बोलायला कडक. त्यांनी शिरेतून अल्ब्युमिन दिलं. अल्ब्युमिन म्हणजे तेच प्रोटीन, बाहेरून. सुई लावायला नर्स आली की मिनू हात पाठीमागे घ्यायची. डॉक्टर म्हणाल्या, "बैलाचा पाय दाखव आधी." त्यांनी हंबूच्या पायाला खरोखर चिकटपट्टी लावली, मग मिनूनं हात पुढे केला. तिनं हंबूला सलाईनच्या स्टँडला रिबिनीनं बांधून ठेवलं होतं. वॉर्डातल्या बायका येता-जाता विचारायच्या, "बैलानं चारा खाल्ला का?"

ही शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगायची, याले एकदा धुवा लागते, लय वास येऊन राहिला. पल्लवी म्हणायची, आई, घरी गेल्यावर बघू. हे बोलणं रोज व्हायचं. पुढे तेच हिच्या अंगावर आलं.

पोळा जवळ आला तेव्हा डॉक्टरांनी घरी सोडलं. गर्दीत नेऊ नका, ताप आला तर लगेच या, असं बजावून. औषधाला गुण यायला अजून थोडा वेळ लागेल, म्हणाल्या. आम्ही तिला गावी आणलं. तान्ह्या पोळ्याला गल्लीत जाणार नाही, अंगणातच हंबू फिरवेल, असं ठरलं. ती त्यातच खूश होती. हंबूसाठी तिनं बेगड कापून ठेवलं.

पोळ्याच्या सकाळीही पट्टी हिरवीच होती. गडद हिरवी.

आमच्याकडे पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या डहाळ्या लावतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी, करीला, उजाडताच ते मेढे गावाबाहेर नेऊन जाळायचे आणि ओरडायचं, "रोगराई घेऊन जाय गे मारबत!" मारबत म्हणजे गावाची पीडा आपल्यासोबत घेऊन जाणारी, अशी समजूत. मी या गोष्टी कधी मनावर घेतल्या नाहीत. गंमत म्हणून जायचो. पोरं तर वाटेल ते ओरडतात, "परीक्षा घेऊन जाय गे मारबत," "गणिताचे मास्तर घेऊन जाय."

पण मी सात-आठ वर्षांचा असताना मला ताप भरला होता, उतरतच नव्हता. आईनं करीच्या सकाळी माझ्या अंगातला घामेजलेला सदरा मेढ्यांसोबत दिला. ज्याला दुखणाईत माणसाचा घाम लागला आहे, ते दुखणं घेऊन जातं, असं ती म्हणायची. मी बरा झालो. ताप आपोआप उतरला असेल. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात तो सदरा होता आणि दुसरं काहीच नव्हतं.

मिनूचे कपडे तर रोज धुतले जायचे, जंतू नकोत म्हणून. तिचा घाम, तिची लाळ, वरण, औषध हे सगळं एकाच वस्तूला लागलं होतं.

ती झोपली होती. तोंड उघडं, गाल सुजलेले. मी तिच्या मनगटाची रिबीन सोडली. तिनं कूस बदलली, तेव्हा मी थांबलो. मग हंबूला सदऱ्याखाली घेतलं आणि दारचे मेढे उचलून निघालो. गावाबाहेर नाल्याजवळ ढीग झाला होता. मी डहाळ्या टाकल्या आणि मधोमध हंबू ठेवला. कोणी विचारलं नाही. पोरांनी काडी लावली. आत घरचा कापूस होता. डहाळ्या धुमसत राहिल्या, तो लगेच पेटला. मी ओरडलो. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडलो.

परत येताना हलकं वाटत होतं, हे कबूल करतो. औषध मुलांनी केलं, डॉक्टरांनी केलं, आता मीही काहीतरी केलं, असं.

मिनू उठली आणि रडली नाही. मनगट बघितलं, खाली वाकून खाटेखाली बघितलं, म्हणाली, "चरायला गेला." दुपारपर्यंत ती वाट बघत होती. गल्लीतून लाकडी बैल निघाले, चाकांचा आवाज आला, तेव्हा ती बेगड हातात घेऊन ओट्यावर उभी होती. मग मात्र तिनं हंबरडा फोडला. घरातली प्रत्येक पेटी उघडली. गोठ्यात बघितलं. निलेश विहिरीपर्यंत जाऊन आला.

मी झेंडूचा हार ओवत बसलो होतो. मला विचारलं तर मी म्हणालो, "मले काय माहीत."

पल्लवी पेटी बंद करून हिच्यासमोर आली. "आई, तुम्ही धुवायला टाकला का? दवाखान्यात असल्यापासून तुम्हीच म्हणत होता, वास येतो म्हणून."

हिनं माझ्याकडे बघितलं. मेढे घेऊन जाताना हिनं मला चुलीपासून बघितलं होतं. सदरा पोटावर फुगलेला होता, तोही बघितला असणार. मी मान वर केली नाही. मी सुईत दोरा ओवू लागलो. तो आधीच ओवलेला होता.

"म्या टाकला," ही म्हणाली. "लय मळला होता. पोरीले जंतू लागतीन म्हनून टाकला."

पल्लवी त्याआधी हिला कधी उलट बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. बरंच बोलली. मिनू तर आजीकडे बघतच राहिली, जणू ही कोणी दुसरीच बाई.

संध्याकाळी ही भाकऱ्या थापत असताना मी जवळ जाऊन बसलो. हीच हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या हातची गोळी खाते ते. तुमच्यावर बिथरली त कोन देईन? माह्यावर राग धरला त चालते." आणि तव्यावरची भाकर उलटली. एवढंच. पुन्हा या विषयावर ती आपणहून बोलली नाही.

काही दिवसांनी पट्टी पिवळी झाली. मला वाटलं, मारबत घेऊन गेली. मी अकोल्याच्या डॉक्टरांना आडून विचारलं, अचानक कसं काय? त्या म्हणाल्या, "अचानक नाही. औषध सुरू करून एवढे दिवस झालेच होते. याच सुमाराला गुण येतो." म्हणजे हंबू खिडकीत बसला असता तरी पट्टी पिवळीच झाली असती.

त्याच दिवशी रक्त घ्यायचं होतं. मिनूनं हात दिला नाही. चौघांनी धरलं. तिचा तो आवाज मी लिहीत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "बैल कुठे आहे तुझा?" मिनू म्हणाली, "आजीनं टाकला." ही तिथेच, दाराशी, डब्याची पिशवी घेऊन उभी होती.

डॉक्टर हिच्याकडे वळल्या. रागावल्या नाहीत, पण जे बोलल्या ते मी सगळ्या आईवडिलांसाठी इथे लिहितो. "मावशी, अशी वस्तू टाकत नसतात. धुवा, कडक उन्हात वाळवा, उशीच्या खोळीत घालून आणा. फाईल घरी विसरली तर मी दुसरी काढीन. पण ती वस्तू विसरू नका." ही म्हणाली, "चुकलं माह्यं, डॉक्टरबाई."

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन बसलो. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत त्याचं चित्र होतं. तेच बघत राहिलो.

हिनं दुसरा हंबू शिवला. तेच धोतर, तसाच कापूस, मुद्दाम एक शिंग आखूड. कानात मोजून दोन सरक्या. मिनूनं कान चाचपला आणि परत दिला. "हा हंबूचा भाऊ आहे. हा पाहुणा." पाहुणा कपाटावर बसला. तिला झोप यायला पुढे बरेच महिने वेळ लागायचा, बोटं नुसतीच हवेत फिरायची.

आणि ती आजीपासून वस्तू लपवू लागली. चप्पल, कंगवा, रंगपेटी. "आजी टाकते." घरात ती थट्टाच झाली. निलेश रिमोट शोधताना म्हणायचा, आईला विचारा, टाकला असेल. सगळे हसायचे. हीसुद्धा हसायची. मीसुद्धा हसलो आहे.

गोळी मात्र मिनू माझ्याच हातून घेत राहिली. आणखी एकदा रिलॅप्स झाला, मग अंतर वाढत गेलं, मग झालाच नाही. पुष्कळ मुलांचा हा आजार वयासोबत जातो. धीर धरा, पट्टी बघत राहा, औषध मनानं थांबवू नका. मिनू आज बारा वर्षांची आहे. सायकलवर शिकवणीला जाते, शेव खाते, आईशी भांडते.

गोळ्या बंद झाल्या तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. हिनं आळ घेतला तो गोळीसाठी. गोळी संपली, तेव्हा तिला त्यातून मोकळं करणं माझं काम होतं. मी आज सांगू, दिवाळीला सांगू, मिनूच्या वाढदिवसाला सांगू करत राहिलो. नातीच्या डोळ्यांत मी तिला बरं करणारा आबाजी होतो. ते मला सोडवेना.

मग ही आजारी पडली. छातीत दुखलं, अमरावतीला अतिदक्षता विभागात ठेवलं. भेटायची वेळ थोडीच असायची. मी तिच्या खाटेजवळ गेलो आणि म्हणालो, "करीच्या दिवशी..." तिनं हात वर केला. मला वाटलं, थांबवते आहे. तिला चादर दाखवायची होती. "पाठीखाली सुरकुती पडली, टोचून राहिली. नीट करा आधी." मी चादर नीट करत होतो तेवढ्यात नर्सनं वेळ संपल्याचं सांगितलं. उद्या बोलू, म्हटलं. उजाडायच्या आधी ती गेली.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर मिनू माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "आबाजी, आजीनं हंबू टाकला होता ना, मी तिला केव्हाच माफ केलं होतं. पण सांगायचं राहून गेलं. तिला माहीत असेल का?"

मी म्हणालो, "असंन." दुसरं काही बोललो नाही. त्या वेळीही नाही.

मिनू, निलेश, पल्लवी हे छापलेलं वाचतील, तेव्हा त्यांना कळेल, आणि ते मला काय म्हणायचं ते म्हणतील. त्यांचं ऐकायला मी आहे. जिचं ऐकायचं होतं आणि जिला सांगायचं होतं, ती नाही. आयुष्यभर मी तिला नावानं हाक मारली नाही, आमच्यात ती रीत नव्हती. चादर नीट करताना जे ओठांवर होतं, ते असं होतं:

ऐकलं का वं, हंबू म्या नेला होता. तुह्यावर आळ आला अन् म्या खाली मान घालून हार ओवत बसलो. पोरगी बरी झाली तरी चूप रायलो. तू दवाखान्यात सगळ्याइसमोर चुकलं म्हनलीस, ते माह्यं होतं. मले माफ कर.